दोनदा मागितलेल्या त्रेसष्ट पेट्या

शाहूनगर, चिंचवड
गुरुवार

तीर्थरूप सौ. सुमनताईस,

धाकट्या गुरुदत्तचे दोन नमस्कार. पहिला नेहमीचा, वाकून. दुसरा माफीचा, त्यात थोडा जास्त वाकलो आहे असं समज. आम्ही इकडे मजेत आहोत. (‘मजेत’ लिहिल्यावर ते खोडावंसं वाटलं. तुझ्या घरात एवढं झालेलं असताना मी मजेत असणं शोभत नाही. पण आहे ते आहे. पित्ताचा त्रास कमी आहे, झोप बरी लागते, विजयश्रीचीही तब्येत ठीक आहे.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात मी डावा विचारला होता आणि तू सगळ्यांना सांगत फिरलीस की गुरूला बहिणीचा कुठला गुडघा दुखतो तेसुद्धा ठाऊक नाही. म्हणून या वेळी तुझ्या लेकीलाच, पूर्वीला, विचारून घेतलं.

पत्र लिहायचं कारण म्हणजे तू फोन उचलत नाहीस. मी आठवड्यात अकरा वेळा लावला (डायरीत आहे). व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. म्हणजे बोलणं बंद आहे, वाचणं चालू आहे. तेवढ्या आधारावर लिहायला बसलो. मागच्या बुधवारी दाजींनी स्टोअरच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि ते कंपनीतून निघून आले, हे तुला माहीत आहे. अठरा वर्षांची नोकरी तुझ्या भावाच्या एका स्क्रीनपायी गेली, चार माणसांत दाजी चोर ठरले, असं तू पूर्वीजवळ म्हणालीस. ढोबळ मानाने ते बरोबर आहे. बारकाव्यांत मात्र काही गोष्टी सुटल्यात. त्या तुझ्यापर्यंत पोचाव्यात, आणि दाजींच्या नावाला लागलेला डाग निदान तुझ्या घरात तरी राहू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आमच्या चाकणच्या कारखान्यात सायलेन्सर गाडीला अडकवून ठेवणारे लोखंडी ब्रॅकेट बनतात, हे तुला दाजींनी कधीतरी सांगितलं असेलच. दाजी स्टोअर बघतात, मी क्वालिटीच्या नोंदी ठेवतो. दाजी पेट्या नंबराने ओळखत नाहीत, जागेने ओळखतात. ‘गळक्या पाइपाखालची’, ‘खांबाला टेकलेली’ असा त्यांचा हिशेब असतो आणि तो चुकत नाही. त्यांच्या आणि माझ्या खात्याच्या मधे जाळीचा एक लाल पिंजरा आहे. ज्या मालाबद्दल शंका असेल तो त्यात जातो, त्याला कुलूप लागतं आणि किल्ली क्वालिटीकडे म्हणजे माझ्याकडे राहते. खुद्द स्टोअरकीपरलाही त्यात डोकावायची परवानगी नाही. (हा नियम मीच लिहून काढलेला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती. आता ती परत करावी का, असा विचार मनात येतो.)

सगळ्या पेट्यांची नोंद वरच्या मजल्यावर सर्व्हर नावाच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये असते. अमक्या प्रेसवर, तमक्या शिफ्टला बनलेला माल कुठल्या पेट्यांत आहे, असं त्याला विचारायचं. आधी कसं व्हायचं, की सगळं शोधून होईपर्यंत तो तोंड उघडायचा नाही. वीस वीस मिनिटं गप्प. आपल्याला वाटायचं झोपला. आणि मग एकदम चाळीस पानं अंगावर टाकायचा. यावर उपाय म्हणून मी वेब सॉकेट नावाची सोय शिकलो. त्यासाठी तीन महिने घरी अभ्यास केला, विजयश्री साक्षीला आहे. आधीचा प्रकार म्हणजे पत्र टाकायचं आणि उत्तराची वाट बघायची. हा प्रकार म्हणजे फोन लावायचा आणि तो चालूच ठेवायचा. तू नाही का, गॅसवर दूध असलं की ‘फोन ठेवू नको रे, आलेच’ म्हणून जातेस आणि मी कानाला लावून तुझ्याकडच्या भांड्यांचे आवाज ऐकत बसतो? तशी ती उघडी लाइन. सर्व्हरला एक पेटी सापडली की त्याने लगेच तेवढी एक ओळ सांगायची, सगळं संपेपर्यंत थांबायचं नाही.

पहिल्या दिवशी त्याने एका दमात सातशे ओळी सांगितल्या आणि स्टोअरमधला टॅब्लेट गार पडला. म्हणून मी एकेक ओळ द्यायची पद्धत बसवली. स्क्रीनवर एका पेटीचा नंबर आणि जागा येणार, माणूस ती शोधणार, बटण दाबणार, मगच सर्व्हर पुढची सांगणार. बटणं दोन ठेवली, ‘सापडली’ आणि ‘नाही’. तिसरं एक, ‘थांबा, मला शंका आहे’ असं ठेवायला हवं होतं. माझ्या स्वतःच्या स्वभावात तेवढं एकच बटण आहे, आणि नेमकं तेच ठेवायचं मला सुचलं नाही.

हे सगळं तयार झाल्यावर मी स्टोअरमध्ये जाऊन सर्वांना समजावून सांगितलं. दाजी लक्ष देऊन ऐकत होते. (घरी ते माझं बोलणं असं ऐकत नाहीत, त्यामुळे मला जरा चढलं असेल.) त्या भरात मी म्हणालो, “दाजी, एकदा सांगितलेली पेटी मशीन परत सांगत नाही.” ताई, हे वाक्य मी त्या दिवशी डायरीत लिहून ठेवलंय, खाली रेघसुद्धा मारली आहे. खोटं बोलायचा हेतू नव्हता. तपासून पाहिलं होतं. पण तपासलं माझ्या टेबलावर बसून, आणि आम्हा ऑफिसवाल्यांचा चहा टेबलावर येतो.

आता बुधवारचं ऐक. गिऱ्हाईक कंपनीला आमचे चार ब्रॅकेट वाकडे मिळाले. त्या मालाच्या एकशे ऐंशी पेट्या आमच्या स्टोअरमध्ये पसरलेल्या. त्या सगळ्या वेगळ्या काढल्याशिवाय ट्रक हलणार नव्हता. त्यांच्या इन्स्पेक्टरबाई सकाळीच येऊन आमच्या मॅनेजरच्या, म्हणजे सुजितसाहेबांच्या केबिनमध्ये बसल्या. केबिनमधल्या टीव्हीवर स्टोअरमध्ये दाबलेलं प्रत्येक बटण त्याच क्षणी दिसतं. हे मीच त्यांना कौतुकाने दाखवलं. नऊ वाजता सुरुवात झाली. फोर्कलिफ्ट चालवणारा पिंटू टॅब्लेट समोर ठेवून पेट्या उचलत होता, मी पिंजऱ्यात घेत होतो. साडेदहापर्यंत त्रेसष्ट पेट्या आत गेल्या. मी कुलूप लावलं आणि वर गेलो. टीव्हीवर हिरव्या ओळींची रांग लागली होती. बाई म्हणाल्या, छान आहे. मी डायरीत तेही लिहिलं.

साडेदहाला भोंगा होतो आणि खालची सगळी मंडळी कँटीनला जातात. हातमोजे मशीनवर, टॅब्लेट पेटीवर. सुट्टी घड्याळाने पंधरा मिनिटं आणि रिवाजाने वीस. तेवढा वेळ बटण कोण दाबणार? आता सर्व्हर आणि टॅब्लेट यांच्या मधे एक दरवान प्रोग्रॅम बसलेला असतो. दहा मिनिटं लाइनवर कुणी चकार शब्द काढला नाही, तर पलीकडे कुणी उरलेलं नाही असं समजून तो लाइन कापतो. दरवानाचा दोष नाही, त्याला तसंच शिकवलेलं असतं. लाइन तुटली तर ती आपली आपण परत जोडली जावी अशी व्यवस्था मी केली होती. (त्या व्यवस्थेवर डायरीत दीड पान आहे, काल ते वाचवेना.) लाइन जोडली गेली. पण आपण कुठपर्यंत आलो होतो हे सांगायचं मी प्रोग्रॅमला शिकवलंच नव्हतं. त्याने सगळा प्रश्न पहिल्यापासून विचारला. सर्व्हर बिचारा सरळमार्गी, त्याने पहिल्या पेटीपासून सांगायला सुरुवात केली.

एवढ्यात पोलादाच्या पत्र्याचा ट्रक आला म्हणून पिंटू गेटबाहेर वजनकाट्यावर गेला, आणि टॅब्लेट दाजींनी स्वतः हातात घेतला. पहिली पेटी जागेवर नाही. दुसरी नाही. तिसरीला दाजींचा मला फोन आला.

“गुरू, ही पेटी पिंटूनं सकाळी उचललेली तर न्हाई ना? जागेवर धुळीचा चौकोन ताजा हाय.”

“दाजी, उचललेली असती तर मशीनने परत विचारलीच नसती.”

“नक्की ना?”

“नक्की.”

“मग आमी ‘नाही’ दाबतो. तू सांगतोस म्हंजी तसंच असंल.”

ताई, या संभाषणात मी कुठे थांबायला हवं होतं यावर मी आठवडाभर विचार करतोय. अठरा वर्षं त्या जमिनीवर वावरलेला माणूस मला धुळीचा पुरावा देत होता आणि मी त्याला माझ्या टेबलावरचा पुरावा देत होतो. पिंजऱ्याची किल्ली माझ्या खिशात. खाली जाऊन उघडून पाहायला तीन मिनिटं लागली असती. मी गेलो नाही. दाजींनी स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास बाजूला ठेवून माझ्यावर ठेवला आणि ‘नाही’ दाबत गेले. प्रामाणिक माणूस, एकदाही अंदाजाने ‘सापडली’ दाबलं नाही. केबिनमधल्या टीव्हीवर एका वेळी शेवटच्या दहाच ओळी मावतात, सकाळच्या हिरव्या वर सरकून गेल्या आणि एकेक लाल ओळ पडू लागली, प्रत्येक ओळीपुढे दाजींचं नाव, ‘रंगराव’. (नाव दिसायची सोयसुद्धा माझीच. कामाचं श्रेय ज्याचं त्याला मिळावं म्हणून केली होती.) बाईंनी हातातला कप खाली ठेवला. सुजितसाहेब माझ्याकडे बघू लागले, मी टीव्हीकडे.

त्रेसष्ट ओळी लाल झाल्या. चौसष्टावी पेटी मात्र जागेवर मिळाली आणि पुढे सगळं हिरवं. तिथे मला त्रेसष्ट हा आकडा ओळखीचा वाटला. सकाळी डायरीत पाहिल्यासारखा. पण आपली शंका रास्त आहे की आपण घाबरून काहीतरी जुळवतोय, हे ठरवण्यात माझी वीस मिनिटं गेली. दुसऱ्यांवर मला लगेच शंका येते असं विजयश्री म्हणते. स्वतःवर यायला वीस मिनिटं लागतात, हे त्या दिवशी कळलं.

त्या वीस मिनिटांत सुजितसाहेब खाली उतरले आणि पॅकिंगच्या माणसांदेखत म्हणाले, “रंगराव, त्रेसष्ट पेट्या म्हणजे अर्धा ट्रक. पायी चालत गेल्या का?” दाजींनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. मग स्टुलावर बसून कंपनीचे बूट काढले, कारण ते कंपनीचे. आणि मोज्यांवर चालत गाडीच्या शेडपर्यंत गेले. गेटवरच्या गार्डने रोजच्यासारखा सलाम केला, तोसुद्धा त्यांनी रोजच्यासारखा घेतला. हे मला गार्डकडून कळलं. मी खाली पोचलो तेव्हा स्टुलाजवळ नुसते बूट होते.

मी इन्स्पेक्टरबाईंना विनंती करून पिंजरा उघडला. त्रेसष्ट पेट्या. नंबर ताडून पाहिले, सगळे तेच. बाई सुजितसाहेबांना म्हणाल्या, “तुमच्या स्टोअरमध्ये एक पेटीही इकडची तिकडे नाही. चूक वरच्या मजल्यावर झाली आहे.” आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. खरं सांगू का, त्या क्षणी मला बरंच वाटलं. चूक कुणाची हे ठरलं की मला हलकं वाटतं, माझी ठरली तर जरा जास्तच. सुजितसाहेबांनीही तिथल्या तिथे कबूल केलं की आपण बोललो ते बोलायला नको होतं. मी माझी चूक कागदावर लिहून, सही करून त्यांना दिली. ते म्हणाले, एक पान पुरलं असतं, चार कशाला.

आता दुरुस्तीचं सांगतो, तुला त्यात रस नसला तरी. प्रत्येक ओळीला मी क्रमांक दिला. लाइन तुटून जोडली गेली की टॅब्लेट आधी सांगतो, त्रेसष्टपर्यंत पोचलंय, चौसष्टपासून सांग. आणि लाइन तुटूच नये म्हणून दर अर्ध्या मिनिटाला सर्व्हर विचारतो ‘आहेस ना?’ आणि टॅब्लेट म्हणतो ‘आहे’. तू लहानपणी मला गोष्ट सांगायचीस तेव्हा मी हुंकार दिला नाही की थांबायचीस, तसंच. (तेव्हा मी झोपेतही हुंकार द्यायचो. टॅब्लेटही देतो, माणूस समोर असो वा नसो. हे योग्य आहे का, यावर अजून विचार चालू आहे.) या वेळी चाचणी माझ्या टेबलावर घेतली नाही. स्टोअरमध्ये, भर चहाच्या सुट्टीत, पंचवीस मिनिटं टॅब्लेट पेटीवर ठेवून घेतली. सुट्टी संपल्यावर पुढचीच पेटी आली. त्या दिवशी मी खालीच कँटीनमध्ये चहा घेतला. वरच्यापेक्षा बरा असतो, आलं जास्त घालतात.

तर झालं ते असं. दाजींच्या हातून काही गेलेलं नाही, दाजी चुकले नाहीत, चुकला तो तुझा भाऊ. सोसायटीत कुणी विचारलं तर हे पत्र खुशाल दाखव. पूर्वीला आशीर्वाद. दाजींना नमस्कार लिहावा की नाही ते ठरत नाही, म्हणून इथे थोडी जागा सोडली आहे ______ तुला योग्य वाटेल ते भर.

तुझा,
गुरुदत्त

ता. क. वरच्या पत्रात मी कुठेही खोटं लिहिलेलं नाही, पुन्हा वाचून पाहा. फक्त बुधवारनंतर दाजींचं काय झालं ते लिहिलेलं नाही, आणि ते लपवणं म्हणजे खोटं बोलणंच का, या प्रश्नाने पेन खाली ठेववेना. दाजी शुक्रवारपासून कामावर आहेत. सकाळी शिफ्टच्या आधी सगळे उभे असतात तेव्हा सुजितसाहेबांनी सर्वांदेखत हात जोडले. दाजी म्हणाले, “ऱ्हाऊ द्या साहेब, बूट कुठं ठिवलेत?” वर सांगितलेल्या चाचणीत टॅब्लेट पेटीवर ठेवणारे तेच. पण बुधवारी त्यांनी तुझ्यासमोर त्या कंपनीचं पाणी पिणार नाही अशी शपथ घेतली, त्यामुळे आता घरी सांगायची पंचाईत झाली आहे. रोज आळंदीला प्रवचनाला जातो म्हणून ते जे निघतात ना, ते चाकणला येतात. काल जेवताना त्यांनी माझ्याकरवी तुझ्याकडे एक मागणं पाठवलं आहे, आणि हे पत्र खरं तर त्यासाठीच आहे. उद्या सकाळच्या चहाला तू त्यांना आग्रह कर, की झालं गेलं सोडा आणि कामावर जा. ते दोनदा नाही म्हणतील. तिसऱ्यांदा ऐकतील. माझं नाव मधे आणू नकोस, आणलंस तर त्यांना चौथ्यांदा नाही म्हणावं लागेल, असं त्यांनी बजावलं आहे.

ता. क. २ आळंदीचा प्रसाद म्हणून जे पेढे तू देवापुढे ठेवलेस आणि सोसायटीत वाटलेस, ते चाकणच्या चौकातल्या दुकानातले आहेत. हे सांगू नको असं दाजींनी सांगितलं होतं. पण देवाचा संबंध आला. देवाने ते घेतले असतील तर काही दोष नाही असं मला वाटतं, तू एकदा विचारून घे.

ता. क. ३ पाकीट बंद करणार एवढ्यात पूर्वी कॉलेजातून परस्पर आली. पत्र तिने उभ्याउभ्या वाचलं आणि हसत खाली बसली. ती सांगते की तुला सगळं शनिवारपासून माहीत आहे. प्रवचनाहून येणाऱ्या माणसाच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास कसा येतो, असं तू तिला विचारलंस म्हणे. आणि आज सकाळी दाजी घरीच बसले. आज आळंदी नाही का, असं तू विचारलंस, तर म्हणाले, “न्हाई, आज गुरुवार.” ताई, गुरुवारी या पट्ट्यातल्या कंपन्या बंद असतात, प्रवचनं नाही. फोन घेतला तर हसू आवरणार नाही म्हणून तू घेत नाहीस, हेही समजलं. आणि पहाटे पाचला उठून डबा करावा लागत नाही, हे सुख टिकेल तितके दिवस टिकू दे म्हणून तू गप्प आहेस, हेही.

मग हे सगळं कशाला लिहिलं, असं मला वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पत्र तसंच पूर्वीच्या हाती पाठवतोय. उद्याचा आग्रह मात्र चुकवू नकोस. दोनदा नाही म्हणायला मिळालं नाही तर त्यांना घरातून ताठ मानेने निघता येणार नाही, आणि तुला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नकोस, मीही कळू देणार नाही. डब्याची घाई नाही. माझ्या डब्यात विजयश्री शुक्रवारपासून दोघांचं देते आहे, अजून आठ-पंधरा दिवस तुझं सुख चालू राहू दे. तिने फक्त एक विचारायला सांगितलं आहे. दाजी आमच्याकडची कारल्याची भाजी रोज बोटं चाटून खातात, ती त्यांना खरोखर आवडते की नाइलाजाने? मी त्यांनाच विचारलं होतं. म्हणाले, “आवडती.” पण आता त्यांच्या सांगण्यावर किती जावं, ते मला कळेनासं झालं आहे.